जावक क्रमांक नसलेलं पत्र

"तारीख आपली आपण बदलते, आपण हात लावायचा नाही." नव्या टायपिस्टला ती एवढंच शिकवायची. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीतले पत्रांचे सगळे नमुने तिनेच बनवलेले. फाईल उघडली की वरच्या कोपऱ्यात आजचा दिवस हजर. ऑफिसात तिला तारीखताई म्हणत. ती हसायची नाही, रागवायचीही नाही.

त्याच नमुन्यावर तिने एकदा राजीनामा लिहिला होता. आई दवाखान्यात होती आणि रजा मिळाली नव्हती. आई गेली. राजीनामा कंप्युटरमध्येच राहिला. सकाळी आल्यावर ती तो उघडून बघायची. पत्र ताजं, आजचंच. म्हणजे अजून उशीर झालेला नाही. मग बंद करायची.

धाकटी बहीण फोनवर म्हणायची, "अगं ताई, दुसरं शिलाई मशीन तुझ्यासाठी झाकून ठेवलंय. वर घातलेलं कापडही विरलं, आता तरी ये."

"बघू," ती म्हणायची.

मग एका गिऱ्हाइकाने लिफ्ट तपासल्याच्या जुन्या दाखल्याची प्रत मागितली. छापून गेली ती आजच्या तारखेची. साहेब तणतणत केबिनबाहेर आले.

"तो विचारतोय, आज कोण तपासून गेलं? लिफ्ट बंद आहे आणि आत त्याचे सासरे अडकलेत!"

सगळं ऑफिस खो खो हसलं.

"दात काढू नका. तारीखताई, जुन्या फायलींतल्या सगळ्या तारखा पक्क्या करून टाका."

ती जावक रजिस्टर घेऊन बसली. पत्र कधी बाहेर पडलं ते त्यात बघायचं, आपोआप बदलणारी तारीख पुसायची, खरी टाइप करायची. एकेक पत्र आपापल्या दिवशी जाऊन बसलं. दिवे लागले तेव्हा एकच फाईल उरली. तिला जावक क्रमांक नव्हता. ते पत्र कधी गेलंच नव्हतं. लिहिलं तो दिवस तिला आठवेना. आठवायला हवा होता, असंही वाटेना.

वर आजची तारीख होती. तिने ती पुसली आणि तीच पुन्हा टाइप केली. आता उद्या उघडलं तर ते कालचं निघणार होतं.

तिने ते छापलं. सही केली.

"झालं का?" साहेबांनी विचारलं.

तिने कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी आधी वरचा कोपरा पाहिला. "हं, तारीख बरोबर आहे," म्हणाले, आणि मग खाली वाचू लागले. तोवर तिने पर्स खांद्याला अडकवली होती. साहेबांनी मान वर केली, तेव्हा दार नुसतं हलत होतं.