वत्सलाबाई आणि नितीनची गाडी

वत्सलाबाईंचे मला आधी पाय दिसले, तोंड नंतर.

मी परदेशात, इथे माउंट रॉस्किलला, मुलाकडे राहायला आले ते दोन हजार तेरा साली. आल्यावर दुसऱ्याच दिवशी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर शेजारच्या उघड्या गॅरेजमध्ये एक छोटी पिवळी गाडी ठोकळ्यांवर चढवलेली आणि तिच्याखालून बाईमाणसाचे दोन पाय बाहेर आलेले. साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली, पायांत रबरी चपला, बोटांत जोडवी नाहीत. पाय हलत नव्हते. मला वाटलं, बाई गेली. मी कुंपणावरून मराठीतच ओरडले, "अहो, जिवंत आहात का?"

खालून आवाज आला, "आहे. आलाच आहात तर त्या टेबलावरचा पाना द्या. मोठा नको, त्याच्याहून धाकटा."

मी फाटकातून आत जाऊन पाना दिला. बऱ्याच वेळाने त्या सरपटत बाहेर आल्या. बुटक्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. चष्मा परकराच्या नाडीने डोक्यामागे बांधलेला, कपाळावर काळं ग्रीस. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "बऱ्याच उंच आहात. माळ्यावरचं काढायला बोलवीन." एवढीच आमची ओळख.

वत्सलाबाई पुण्याच्या. नवरा लवकर वारला. लोकांचे ब्लाउज शिवून त्यांनी एकुलता एक मुलगा, नितीन, इंजिनिअर केला. तो इकडे आला, पुढे आईलाही आणलं. इथे त्याने ही गाडी घेतली. विलायतेत बनलेली, दोनच सीटांची, वर कापडी छत, वयाने त्याच्यापेक्षा मोठी. ती नव्यासारखी करायची म्हणून त्याने तिचं इंजिन बाहेर काढलं, सुटे भाग आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवले. मग एका शनिवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर पश्चिमेच्या किनाऱ्यावर खडकांवर मासे धरायला गेला आणि लाटेने त्याला ओढून नेलं. मी यायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. घरात उरल्या वत्सलाबाई, त्यांची सून रश्मी आणि डब्यांत भरलेली गाडी.

मी त्यांना सरळ विचारलं, "तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग?"

"त्यानं उसवून ठेवलीय. उसवलेलं तसंच टाकून उठायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं. आता तो नाही, तर शिवायचं कुणी?"

मी कांदे चिरायला घरी गेले.

बाई हुशार होत्या असं कुणी समजू नये. त्या चुकत. पुष्कळ चुकत. नितीनचे काही पाने हरवले होते, म्हणून त्यांनी पुण्याच्या भावाला कळवलं. भाऊ आला तो बॅगेतला चिवडा आणि भाजणी काढून पान्यांचा अख्खा संच घेऊन. एकही लागेना. गाडी इंचाच्या मापाची, पाने मिलिमीटरचे. तरी बाईंनी जोर करून फिरवले आणि चार नटांची डोकी गोल करून टाकली. रश्मी म्हणाली, "आई, निदान चिवडा तरी खाल्ला असता." वत्सलाबाई म्हणाल्या, "माझंच चुकलं. बत्तीसच्या मापाचा ब्लाउज छत्तीसच्या बाईला चढवत बसले."

त्यांचं सगळं बोलणं शिवणातलं असे. नट हातानेच हलका लावला की "कच्ची टीप". सगळीकडून नीट बसलं अशी खात्री झाली, की पान्याने आवळायचा, ती "पक्की टीप". "कच्ची न घालता पक्की घालणारा पुन्हा उसवतो," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की पोळ्या लाटतानाही मला ऐकू येई.

एखादा भाग अडला की त्या तो पिशवीत घालून बस बदलत ओटाहुहूला जात. तिथे जुन्या गाड्यांचं सामान विकणारा एक म्हातारा गोरा होता. बाईंचं इंग्रजी माझ्यासारखंच, म्हणजे नाहीच. त्या भाग टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "धिस, नो." तो उलटसुलट पाहून म्हणायचा, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास'. पुढे तो रविवारी बाईंच्या गॅरेजमध्येही यायला लागला. ब्रेक आणि असली जोखमीची कामं त्याने स्वतः केली, बाईंना हात लावू दिला नाही. त्याचं कौतुक म्हणून त्या त्याला थालीपीठ खायला घालत आणि तो घाम पुसत खाई.

गाडीखाली तेल गळायचं. त्यासाठी बाईंनी घरातली पितळी परात खाली सरकवली होती. दिवाळीत रश्मी परात शोधत होती. मी म्हटलं, गॅरेजमध्ये बघ. ती गेली नाही. गॅरेजमध्ये ती कधीच जात नसे. तिने माझ्याकडून माझी परात नेली आणि दारात थांबून म्हणाली, "मावशी, शनिवार-रविवार तो त्या गाडीखाली असायचा. मला मिळालाच किती? आता आईही तिथंच असतात." मुलगी वाईट नव्हती. नोकरी करून घर चालवत होती आणि सासूला कधी तोडून बोलली नव्हती. पण तिच्या दुःखाला त्या घरात कुठे जागा नव्हती. गॅरेज तर भरलेलंच होतं.

अशी तीन वर्षं गेली. इंजिन बसलं. म्हाताऱ्याने किल्ली फिरवली, गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि चालू झाली. माझी समजूत, बाई रडतील. त्यांनी कान तिरका केला आणि म्हणाल्या, "एकसारखं नाही बोलत."

गाडीला दोन कार्ब्युरेटर, दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. म्हाताऱ्याने दाखवलं होतं, रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं आधी एकाच्या तोंडाशी धरायचं, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडची फुसफुस सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. बाई आठवडाभर नळी कानाला लावून बसल्या.

"या दोघी जावा आहेत," मला म्हणाल्या. "एका आवाजात बोलायला लागल्या की समजायचं घर चाललं."

"मग तुमची गाडी काही चालत नाही," मी म्हटलं. मी चार जावांत नांदलेली.

त्या हसल्या. मी त्यांना फार थोड्या वेळा हसताना पाहिलं, त्यातली ही एक.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बाईंनी त्या गाडीचा प्रत्येक खिळा काढून, पुसून, तेल देऊन परत बसवला. दारं काढली, दिवे काढले, छत तर स्वतः शिवलं. पण ड्रायव्हरच्या सीटला हात लावला नाही. शेजारची सीट काढून तिला नवं आवरण शिवलं, रुळांना ग्रीस लावून ती पार पुढे ओढून घेतली, कारण बसून काम करताना त्यांचे पाय पोचायला हवेत. ड्रायव्हरची सीट मात्र मागे सरकवलेली होती तशीच. नितीन सहा फुटी. ती त्याची जागा. रोज सकाळी त्या तिच्यावरून कोरडं फडकं फिरवायच्या आणि बसायच्या शेजारी.

"ती का नाही काढली?" मी विचारलं.

"ती नीट आहे."

"फाटलीय. दिसतंय मला."

"राहू द्या, पार्वतीबाई."

"सीट आहे ती. देव नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फडकं झटकलं. चार दिवस बोलल्या नाहीत.

मग रश्मीला डोंगरापलीकडच्या टौरंगाला किवीफळांच्या एका कंपनीत चांगली नोकरी लागली. माउंट रॉस्किलचं घर भाड्याचं, ते सोडायचं होतं. तिने सासूला सांगितलं ते मी तिथेच बसून ऐकलं. "आई, तुम्हाला मी नेणारच आहे. पण ती गाडी ट्रकवर घालून, पैसे भरून मी नेणार नाही. चालवत नेता आली तर नेऊ. नाहीतर विकून टाकू, नाहीतर भंगारात."

"चालवायची कुणी?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"मीच. दुसरं कोण आहे?"

म्हाताऱ्याने गाडी तपासणीला नेऊन वॉरंट, म्हणजे ती रस्त्यावर चालवायला ठीक असल्याचा दाखला, आणलं. तोही लांब टांगांचा, सीट त्याला बरोबर झाली. अडलं रश्मीपाशी. ती सासूपेक्षा थोडीच उंच. सीटवर बसली तर पाय क्लचपर्यंत जाईना.

"पुढं घ्या ना सीट," ती म्हणाली.

"नको," बाई म्हणाल्या. "मी गादी शिवते."

जुन्या साड्या भरून त्यांनी पाठीमागे ठेवायला एक जाड गादी शिवली. शिवण सुरेख होती. मी म्हटलं, "बाई, ही गादी म्हणजे हट्ट आहे." त्यांनी दोरा दाताने तोडला.

रविवारी रश्मी गादीला टेकून बसली, गाडी सुरू केली आणि मागे घ्यायला लागली. गादी सरकली, तिचा पाय क्लचवरून निसटला. गाडीने उडी मारली आणि आमच्या कुंपणावर आपटली. दोन फळ्या मोडल्या, बंपर वाकला. इंजिन बंद पडलं. वत्सलाबाई धावल्या त्या थेट बंपरपाशी. वाकून हात फिरवायला लागल्या.

रश्मी आतच बसून होती. हात स्टिअरिंगवर. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "आई, मला लागलं का, विचारा ना."

बाई उभ्या राहिल्या.

"तो नाहीये इथं. मी आहे. मी बसलेय."

रस्त्यावरून बस गेली. मग रश्मी उतरली, गादी काढून सासूच्या हातात दिली आणि घरात गेली.

मी फळ्या उचलत होते. मला वाटलं, संपलं आता, ही गाडी भंगारात जाणार. वत्सलाबाई बराच वेळ गादी पोटाशी धरून उभ्या होत्या. नंतर ती खाली ठेवली आणि शिलाई मशीनची तेलाची कुपी घेऊन आल्या. दार उघडून गुडघ्यांवर बसल्या, सीटखाली हात घातला, दांडी ओढली. हलेना. इतकी वर्षं सगळ्या गाडीला तेल पाजलं, ती एवढी एकच जागा कोरडी राहिली होती. रूळ गंजून धरले होते.

"मागून ढकला," मला म्हणाल्या.

मी ढकललं. नाही हलली. त्यांनी तेल सोडलं, थांबल्या, हातोडीने हळू ठोकलं. पुन्हा तेल. पुन्हा हातोडी. ठोकताना त्या रडत होत्या, पण हात चुकत नव्हता. शेवटी सीट करकरली आणि एकदम पुढे आली. मी तोंडावर पडता पडता वाचले.

जिथे ती इतके दिवस बसली होती, तिथे रुळावर दोन ठिकाणी लोखंड अजून चकचकीत होतं. बाकी सगळा गंज. वत्सलाबाईंनी त्या चकचकीत जागेवर बोट ठेवलं. थोडा वेळ ठेवलं. मग बोटावर ग्रीस घेऊन तिथेही फासलं.

घरात हाक मारली, "रश्मी, ये. बसून बघ. पाय पोचतात का सांग." आणि ती बाहेर आल्यावर, "कुठं लागलं का तुला?"

"नाही," रश्मी म्हणाली, आणि सासूचे दोन्ही काळे हात धरून रडली. मी माझ्या घरी आले. तिथे माझं काम नव्हतं.

दोघी टौरंगाला निघाल्या तो दिवस कोरडा होता. छत उघडलं होतं. मी चाकांखाली लिंबं ठेवली. चालवायला रश्मी, शेजारच्या सीटवर वत्सलाबाई, डोक्याला मफलर, मांडीवर डबा. "मागून धूर दिसला तर ओरडू नका," मला म्हणाल्या. "रश्मी घाबरेल." धूर दिसला. मी ओरडले नाही. गाडी डोंगर चढून टौरंगाला पोचली. वाटेत एकदा तापली, तेव्हा दोघींनी रस्त्याकडेला बसून दशम्या खाल्ल्या, असं संध्याकाळी फोनवर कळलं.

मग फोनवरच भेटी. बाई म्हणायच्या, गाडी मी बघते, चालवते ती. रश्मी दर रविवारी त्यांना समुद्रावर नेई. ज्या समुद्राने मुलगा नेला त्याच्याकडे आधी त्या पाठ करून बसायच्या. पुढे तोंड करून बसायला लागल्या. हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं आणि लगेच लोणच्याचं विचारलं.

दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी पोह्यांना फोडणी घालताना खाली बसल्या, त्या उठल्या नाहीत. माझ्या मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून मी एकटीच बसने टौरंगाला गेले. या देशात मी एकटीने केलेला तो पहिला प्रवास.

थांब्यावर रश्मी न्यायला आली होती. पिवळी गाडी घेऊन. तिचा चेहरा उतरला होता. तिने माझी पिशवी मागे ठेवली आणि दार उघडलं. मी बसले, तर गुडघे थेट समोरच्या फळीला लागले. ती सीट पार पुढे ओढलेली होती, बाईंच्या मापाची.

रश्मी म्हणाली, "मावशी, खाली हात घाला. दांडी आहे, मागे सरकेल."

दांडी कुठे आहे ते मला ठाऊक होतं. त्या रुळांना ग्रीस होतं, बोटाने ओढली असती तरी सरकली असती.

मी म्हटलं, "राहू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. क्लच दाबून गाडी काढली. घर येईपर्यंत प्रत्येक वळणावर माझे गुडघे त्या फळीवर आपटत होते.