जोडीनं घ्यायच्या गोळ्या

आमच्या धरणगावच्या दवाखान्यातल्या सिस्टरना किळस फार. चहावर साय दिसली की शी, भिंतीवर गुटख्याची पिंक दिसली की दिवसभर शी. आम्ही बाया त्यांना मागे शी-सिस्टरच म्हणायचो. पण पेशंटच्या अंगावरून काहीही जाऊ दे, कसाही वास येऊ दे, तिथं चेहरा शांत. हातमोजे चढवायच्या आणि पोरीशी माहेरच्या गप्पा मारत काम उरकायच्या.

किळस यायची ती मला. माझ्या सुनेच्या अंगावर पिवळं जायचं, ओटीपोट दुखायचं. तिची चादर मी काठीनं उचलायची. औषधानं महिनाभर बरं, की पुन्हा तेच. तिला मुक्ताईनगरला माहेरी कायमची धाडायची, असं मी मनाशी ठरवलंही होतं.

त्याआधी एकदा तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा सिस्टरनी तिला विचारलं, गोळ्या पुऱ्या घेतल्या का? तशी ती रडायलाच लागली. डॉक्टरांनी बोलावूनही नवरा दवाखान्यात यायला तयार नाही, म्हणून अर्ध्या गोळ्या कुटून ती त्याच्या भाजीत घालत होती.

"म्हणजे दोघंही आजारीच राहिलात," सिस्टर म्हणाल्या. "हा परमा. जंतू असतात, नवराबायकोच्या संबंधातून लागतात. चादरीनं नाही लागत, अक्का."

मी म्हटलं, "मन्हा पोऱ्या तसा नही शे."

सुनेला आत तपासायला पाठवून त्यांनी हळूच विचारलं, "त्याचे कपडे कोण धुतं?"

"मी."

पोराच्या लग्नाआधीपासून मी त्याच्या कपड्यांवरचे ते पिवळे डाग बघत होते आणि साबण जास्त लावत होते.

दुसऱ्या दिवशी पोराला धरून नेलं, सूनही सोबत होती. मला कुठं काय होतंय, म्हणे. "लघवीला जळजळ होत नव्हती? शी, खोटं नको बोलू," सिस्टर म्हणाल्या, आणि दोघांना बाकावर बसवलं. "पूजेला जोडीनं बसता ना, तसं बसा." डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या समोर गिळायला लावल्या. सुनेच्या उरलेल्या दिवसांच्या गोळ्या तिच्याच हाती दिल्या आणि दोघं बरे होईस्तोवर जवळ जायचं नाही, हे पोराला बजावलं.

सून बरी झाली. पुढं सिस्टरची बदली धुळ्याला झाली. खुशाली सांगायला मी मुद्दाम तिथल्या देवपूर भागात त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं, हे सुनेला सांगितलंत?"

"नाही," मी म्हटलं. त्यांनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "मग आधी घरी जा."

दुपारच्या एसटीनं परतले. सून भाकरी करत होती. तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं. तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी दोघींपैकी कुणीच ती उलटली नाही.