जोसायसची डुकरं

गावात संस्थापक दिनाची मेजवानी असली की ऑल्टन पेटिजॉन मागच्या बाकावर बसून जेवायचा. झाडाखालची लांब मेजं मानाची. ज्यांच्या पूर्वजांनी इथं पहिल्यांदा जमिनी घेतल्या, त्या घराण्यांची; त्यांची नावंही तिथल्या दगडावर कोरलेली. पेटिजॉन म्हणजे काय, तर उपऱ्यांची अवलाद! मूळपुरुष जोसायस दुसऱ्याच्या रानात खोपटं टाकून राहिला, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलं. ऑल्टन ते हसून सोडून द्यायचा. पण यंदा दवाखान्यातून घरी आल्यावर तो लेकीला म्हणाला, "लोरे, मरायच्या आधी एकदा पुढं बसून जेवायचंय गं."

झालं! लोरेटानं कंबर कसली. शाळेची बस चालवण्यात तिचा जन्म गेलेला, दांडगट पोरांना न घाबरणारी बाई ती. व्हर्जिनियातल्या जुन्या दस्तांच्या कचेरीत जाऊन तिनं ठाणच मांडलं.

जोसायसचं खरेदीखत काही सापडेना. सापडणार कुठून? त्या काळी पैशांऐवजी तंबाखूच चालायचा, नोंदणीची फीसुद्धा त्यातच भरावी लागायची, आणि हा पडला महाचिक्कू! सापडले ते खटले. रविवारी चर्चला दांडी मारली, दंड. भर कोर्टात शिव्या हासडल्या, पुन्हा दंड. लोरेटानं कपाळाला हात लावला. "पूर्वज कसला, नग होता नुसता!"

मग तिनं जोसायसच्या शेजाऱ्यांची खरेदीखतं काढली. उत्तरेकडच्याची हद्द पेटिजॉनच्या कुंपणापर्यंत. दक्षिणेकडच्याची पेटिजॉनच्या ओकच्या झाडापाशी. पूर्वेकडच्याची ओढ्यापर्यंत, अलीकडे पेटिजॉन. घरी येऊन तिनं कागदाचे तुकडे कापून मेजावर मांडले, तर तिघांच्या मधे नेमकी एक जागा रिकामी उरली. ऑल्टननं आपला कॉफीचा पेला तिथं ठेवला. "इथं राहायचा बघ आपला म्हातारा." त्याचे डोळे भरून आले होते.

हे घेऊन ती मेजवानीच्या समितीकडे गेली. अध्यक्ष हार्लन ब्रोडस मात्र बधला नाही. "अहो लोरेटाबाई, कुंपण काय, कुणीही घालतं! विकत घेतल्याचं दाखवा." नाकाला मिरच्या झोंबल्या तिच्या, पण बोलणं खोटं नव्हतं. राहिली होती पश्चिमेची बाजू. तिकडचा शेजारी होता नथॅनिएल ब्रोडस, हार्लनचाच मूळपुरुष. ब्रोडस कधी खोटं बोलला नाही, हे हार्लन दरसाल भाषणात छाती फुगवून सांगायचा.

लोरेटा पुन्हा कचेरीत गेली. नथॅनिएलचं खत नव्हतं, पण फिर्याद होती! पुढच्या बैठकीत तिनं ती सगळ्यांसमोर खणखणीत वाचली: "'जी जमीन मी स्वतः तंबाखू घेऊन जोसायस पेटिजॉनला विकली, त्या जमिनीतून त्याची डुकरं माझ्या मक्यात शिरतात. एक मी मारून खाल्लं, ते कबूल.' बायबलवर हात ठेवून सांगितलंय हं!" मग ती हार्लनकडे वळली. "बोला हार्लनराव. एक तर आमच्या जोसायसनं जमीन विकत घेतली, नाहीतर तुमचा नथॅनिएल शपथेवर खोटं बोलला. दगडावर काय कोरायचं?"

इकडे आड, तिकडे विहीर! हार्लनचा चेहरा आधी पडला, मग त्यालाच हसू फुटलं. "हात तुझ्या! कोरा पेटिजॉन."

मेजवानीच्या दिवशी ऑल्टन कोट घालून, लेकीच्या हाताला धरून आला. आधी त्यानं दगडावरच्या नावावरून बोट फिरवलं. सवयीनं पाय मागच्या बाकाकडे वळले, तेव्हा हार्लननंच त्याला अडवलं आणि पुढच्या मेजाशी आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली.

"बसा काका. शेजारी आपण, पहिल्यापासूनचे."

ऑल्टन ऐसपैस बसला. सगळ्या मेजावरून नजर फिरवली, गळ्याशी रुमाल खोचला, आणि मागच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ते डुकराचं ताट इकडं सरकव, हार्लन. तुमच्याकडून आमचं एक यायचंय."