आवळ्याला परका लागतो

सुगंधाबाईला स्वस्थ बसलेलं सिंदेवाहीकडच्या त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्यात फाल्गुन लागला की तिच्या जिवाला घोर लागायचा. माहेरच्या एकाच आवळ्याची चौदा कलमं तिने शेतात लावली होती. चौथ्या वर्षी टोपलीभर फळं लागली, लिंबाएवढी. पुढची दोन वर्षं झाडं फुलांनी लगडली आणि फळाच्या नावाने शून्य. तिने शेणखत घातलं, दृष्ट काढली, मधमाश्यांवरसुद्धा संशय घेतला. नवरा वारलू वैतागला होता.

"यंदा नाई लागले तर तोडतो अन् बांदी करून धान लावतो."

होळीला बहिणीची मुलगी दिव्यानी आली. ती शेतकी शिकायची. तिने एक फूल नखाने उघडलं.

"मावशी, हे चौदाही एकच झाड होय. फूल आपला पराग ओळखते, आत जाऊ देत नाई. भावकीत सोयरीक करतो का आपण? परका आवळा पाहिजे. जवळ गावरान नाई का?"

सुगंधाबाईचा चेहरा उतरला. बांधावर होता की! टोपलीभर फळं लागली त्याच साली, कलमांची जात बिघडेल म्हणून तिनेच तो तोडवला होता.

"म्याच तोडला वं बाई," ती कशीबशी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती जंगलातून आवळ्याच्या फुललेल्या फांद्या आणू लागली. पाण्याच्या मडक्यात घालून त्या झाडाझाडाला टांगल्या. झाडांची लग्नं लावते म्हणून गाव हसला. मग नेहमीसारखी फुलं गळली.

"फळ धरलं तरी आता दिसत नाई," दिव्यानी फोनवर म्हणाली. "पाऊस पडल्यावरच फुगते."

"हे बरं हाय!" वारलू म्हणाला. तरी पोळ्यापर्यंत थांबायचं त्याने कबूल केलं. ती मात्र दिवसातून चारदा झाडाखाली जायची आणि डहाळ्या चाचपायची.

ज्येष्ठात ती दोन दिवस लग्नाला गेली, आणि वारलूचा धीर सुटला. परतली तेव्हा सात झाडं आडवी होती. आषाढभर ती त्याच्याशी बोलली नाही. मनातल्या मनात शिव्या मात्र रोज घोकत होती.

श्रावणात उरलेल्या सातही झाडांच्या डहाळ्या हिरव्या मण्यांनी भरल्या. ते आधी वारलूनेच पाहिलं. दुपारी तो जेवायला आलाच नाही. ती तणतणत शेतात गेली, तर तो तोडलेल्या एका झाडाच्या बुंध्यावर मान खाली घालून बसलेला.

"बोल ना," तो म्हणाला. "शिव्या दे."

तिच्या तोंडून एक शिवी निघेना.

"तुमी सात तोडले. म्या एकच तोडला, पन त्याच्यापायी चौदाही वांझोटे राह्यले. उठा, भात थंडा होऊन राह्यला."