जन्मापासूनचं छिद्र

ठाण्याच्या कोर्टाबाहेर ती प्रतिज्ञापत्रं टाइप करते. मी एका वकिलांकडे कामाला, त्यामुळे रोज गाठ पडते. अर्धं डोकं ठणकायला लागलं की ती कपाळाला ओढणी आवळते, डोळे मिटते आणि म्हणते, "ताई, तुम्ही वाचा, मी टाइप करते." चूक एकही होत नाही. घरी मात्र नवरा तिला नाटकी म्हणायचा.

गेल्या महिन्यात तिचा हात अचानक बधिर झाला. तपासणीत हृदयात जन्मापासूनचं बारीक छिद्र सापडलं. डोकेदुखी त्यामुळेच असेल असं नक्की सांगता येत नाही, पण पुढे पक्षाघात होऊ नये म्हणून ते बुजवायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. तिला हायसंच वाटलं. रिपोर्ट तिने नवऱ्यापुढे ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, म्हणजे लग्नाआधीपासूनच होतं. तुझ्या घरच्यांनी फसवलं."

ती टाइप करत राहिली. मग म्हणाली, "आईला कळवलं नाही, ती स्वतःलाच दोष देईल. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते. तुम्ही याल?"

मी हो म्हटलं. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं, ते मात्र दोघींनाही सुचेना.