सिस्टरच्या पायरीवरचा धुतलेला डबा

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. माझे बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापून चौकात वाटायचे आणि मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. तेव्हा हे वाचून कुणी हात जोडू नयेत, एवढीच विनंती.

२००९ चा पावसाळा, स्वाइन फ्लूची साथ. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं धरून बारा घरांची सोसायटी. सोसायटीच्याच मागच्या खोलीत सुनंदाताई भाड्याने राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स, ड्यूटी फ्लूच्या वॉर्डात. हे कळल्यावर आमच्या सोसायटीने काय केलं असेल? त्यांच्या खोलीचा पाण्याचा कॉक बंद केला!

"तिला जा कोण म्हणतंय?" सेक्रेटरीकाका मला म्हणाले. "पाणी नसलं की जाईल आपणहून."

शिसारी आली. मी पत्रक काढलं — 'आपल्यासाठी वॉर्डात उभ्या राहणाऱ्या बाईला पाणी द्या.' बाकीच्या अकराही घरांत टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकात गुंडाळलेली मेथीची देठं कचऱ्यात दिसली.

ताई दवाखान्यातून बाटल्यांत पाणी आणायच्या. मग एका सोमवारी आईने त्यांच्यासाठी डबा सुरू केला. त्या सकाळी ड्यूटीला निघताना ताईंनी लांबूनच बजावलं होतं, "जवळ येऊ नकोस गं. पायरीवर ठेव, दार वाजवू नकोस. आणि असंच चाललं तर खोली सोडावी लागेल बघ मला. पण नर्सला आत्ता दुसरी देणार कोण?"

रोज बाराला कॉलेजला जाताना मी डबा ठेवायचे, संध्याकाळी उचलायचे. दाराला लॅच होतं, आत कुणी आहे की नाही ते बाहेरून कळायचं नाही. डबा स्वच्छ धुतलेला असायचा, आणि आत चिमूटभर साखर. भांडं रिकामं परत करू नये ना! आईचे डोळेच भरून यायचे. "पाण्याचे एवढे हाल, तरी रीत सोडत नाही पोरगी."

शनिवारी सकाळी ताई फाटकातून आत आल्या. नाकावर मास्कचे वळ.

"ताई, कालची मेथी फार तिखट नव्हती ना झाली?"

"कुठली मेथी?"

"अहो, डब्यातली!"

"अगं, सोमवारपासून मी घरी आलेय कुठे? दोन सिस्टर आजारी पडल्या. वॉर्डाशेजारीच झोपत होते. तुला कळवायचंही राहिलं बघ."

सेक्रेटरीकाका शेजारीच पाइप लावून स्कूटर धूत होते. पाइप तसाच वाहत राहिला.

ताईंनी दार उघडलं. मोरी कोरडी ठणठणीत, बादली पालथी. मी साखरेचं सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी गुळाचा चहा पिते गं. साखर घरात नाहीच."

अर्ध्या तासात कॉक उघडला गेला. सेक्रेटरीकाकू नारळ घेऊन आल्या. ताईंना द्यायला नव्हे हो... त्यांच्या उंबऱ्याला वाहायला! हळदकुंकू वाहून पुटपुटल्या, "चुकलंमाकलं पोटात घाल." ताई तिथेच उभ्या होत्या. त्यांच्याकडे काकूंनी वर बघितलंसुद्धा नाही.

"बरंय," ताई म्हणाल्या, "मी मेले असते तर आधीच पाणी मिळालं असतं." आणि बादली नळाखाली लावली.

बाबा संध्याकाळी म्हणाले, "लगेच पत्रक काढ. भूत वगैरे काही नाही म्हणावं."

"बाबा, कॉक परत बंद होईल."

बाबांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "पाणी चालू राहू दे." जन्मात पहिल्यांदा आमच्या घरातून पत्रक निघालं नाही. त्याची लाज मला आजही वाटते. पण ताई त्याच खोलीत राहिल्या.

पुढे मी अकराही घरांत विचारून आले, "डबा तुम्ही धूत होतात का?" कुत्री-मांजरं डबा खातील, पण घासून साखर कोण घालणार? सगळीकडे एकच उत्तर — "छे! आम्ही कशाला जातोय तिच्या दाराशी?" तेही ठसक्यात, अभिमानाने.

उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कुणी म्हणतं भूत होतं, कुणी म्हणतं शेजारचंच कुणीतरी असेल. भूत मी मानत नाही. पण त्या अकरा घरांतलं एखादं माणूस ताईंच्या पायरीपर्यंत गेलं असेल... हे मानायला मला त्याहून जड जातं.