बाईनं शिकवलेलं उठणं

बाई गेली त्या सकाळी अकोल्याहून तिच्या शेजारच्या जोशीकाकूंचा फोन आला. "सुमनताई, बाई गेल्या हो... फिरून आल्या, खुर्चीत बसल्या, मला म्हणाल्या चहा टाका, आणि..." मी अमरावतीला माझ्या स्वयंपाकघरात उभी होते, हाताला कणीक तशीच. बडनेऱ्याला जायचं आणि मिळेल ती गाडी धरायची, एवढंच सुचलं. वाटेत काकूंचा पुन्हा फोन आला, डॉक्टर येऊन गेले होते. गाडीत बसल्यावर नातेवाइकांना एकेक फोन लावला, तर ज्याचा त्याचा पहिला प्रश्न एकच... "पडली का?" सत्तरी ओलांडलेली, खुब्याचं हाड एकदा मोडलेलं, घरात एकटी राहणारी बाई, लोकांना दुसरं काय सुचणार? मी प्रत्येकाला सांगत होते, "नाही, पडली नाही. बसल्या बसल्या गेली. हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर." आणि त्या रडण्यातही हे सांगताना माझा आवाज थोडा ताठ होत होता, ते माझं मलाच जाणवत होतं.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, शकुंतला. आम्ही धाकटी भावंडं तिला बाई म्हणायचो, पुढे तिची सगळी गल्लीच म्हणू लागली. आम्ही तिवशाजवळच्या खेड्यातल्या. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे, पण पोरींनी शिकलंच पाहिजे यावर अडून बसायचे. बाई नर्सिंग शिकली, अकोल्याला सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. भाऊजी लवकर गेले. एकुलत्या एका नितीनला तिनं रात्रपाळ्या करून वाढवलं, शिकवलं, आणि तो पुण्याला नोकरीला गेला तेव्हा स्टेशनवरून एकटी चालत घरी आली. चालणं तिचं मोठं झपाझप. माझ्याहून वयानं मोठी, पण बाजारात तिच्यासोबत जायचं म्हणजे मला मागून पळावं लागायचं. "काहून वं सुमे, पाय भाड्यानं आनले का?" असं वळून विचारायची, आणि थांबायची मात्र नाही.

ती पडली हिवाळ्यातल्या एका दुपारी. अंगणात धुणं वाळत घालताना ओल्या फरशीवरून पाय सरकला. हाक मारली ती कुणाला ऐकू गेली नाही. ऊन उतरल्यावर जोशीकाकू विरजण मागायला आल्या, तोवर ती तशीच पडून. ऑपरेशन झालं, खुब्यात सळई बसली. मी सोबतीला राहिले होते, तेव्हा एकदा छताकडे बघत म्हणाली, "हाड मोडलं त्याचं काई नाई वाटत. पन मले उठताच येईना, सुमे. उताण्या झुरयावानी पडली होती मी... आभायाकडं पाहत." रुग्णांना उचलण्यात जन्म घातलेली ही बाई, झुरळाची उपमा देताना हसायला गेली आणि रडली.

हाड जुळलं, पण भीती काही जाईना. वॉकर घेऊनही ती पलंगापासून मोरीपर्यंतच जायची, तेही भिंत धरून. आम्ही सगळे भर घालत होतो. उठू नको, आणून देते. वाकू नको, मी देते. पाय वाळून बांबूच्या कांबट्यांसारखे झाले. नितीननं ठरवलं, आता आईला पुण्याला न्यायचं. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवसभर सांभाळायला कामवाली, अकोल्याच्या घराला कुलूप. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. "आई, तू तिथे नुसती बसून राहा. काही करायची गरज नाहीये तुला." बाई म्हणाली, "बसूनच राहाचं आहे तं अकोल्यात काय वाईट आहे? दिवाळीपर्यंत थांब. तोवर मले माह्या पायानं चालता नाई आलं तं येतो तुह्या संगं."

मग ती आपल्या पायांच्या मागे लागली. घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीला तिनं प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दूध तापायला ठेवलं की ओट्याला हात लावून एका पायावर उभी राहायची, दूध वर आलं की पाय बदलायचा. बैठकीतल्या फरशीच्या सांध्यावरून पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकवत चालायची, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखी. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. वॉकर गेला, काठी आली. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. ती उजाडायच्या आत गल्ली फिरून येई. आणि मग तिनं डॉक्टरांना विचारून, त्या मुलीला समोर बसवून, एक गोष्ट शिकून घेतली. जमिनीवरून उठायची. मला फोनवर म्हणाली, "जलमभर पेशंटले सांगत आली, उठू नका, पडसान. पडल्यावर उठाचं कसं, हे एकालेही नाई शिकवलं वं मी."

दिवाळीला नितीन आला तो आईची बॅग भरायच्या तयारीनंच. मीही तिथेच होते. भाऊबीजेच्या सकाळी बाई रांगोळीचा डबा घेऊन दाराकडे निघाली आणि पायपुसण्यात पाय अडकून पडली. धप्पकन आवाज आला. नितीन आंघोळीचा टॉवेल खांद्यावर तसाच टाकून धावला. तिनं जमिनीवरूनच हात वर केला. "हात नको लावू. पाह्य फक्त." क्षणभर ती निपचित पडून राहिली. श्वास घेतला, पाय हलवून पाहिले, खुबा चाचपला. मग कुशीवर वळली, कोपरावर भार दिला, गुडघ्यांवर आली. रांगत रांगत खुर्चीपाशी गेली, खुर्चीवर दोन्ही हात रोवले, एक पाऊल पुढे टेकवलं... आणि उठली. केसांना रांगोळी लागली होती. खुर्चीत बसून म्हणाली, "पडली तं पडली. उठली का नाई?" नितीन तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडला. बॅग रिकामीच परत गेली.

नंतर तिची चाल पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. डावा पाय ओढायची, गच्चीचा जिना कायमचा सुटला. पण संध्याकाळी तिच्या बैठकीत गल्लीतल्या बायका जमू लागल्या. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला चक्कर येई, एकीच्या सुनेनं तिला अंगणातही एकटं जायला बंदी केलेली. दार लोटायचं, सतरंजी अंथरायची आणि एकेकीनं खाली निजून पुन्हा उठायचं. जोशीकाकू आधी लाजून लाल झाल्या होत्या. "मेलं, या वयात असं चारचौघींत लोळायचं!" बाई म्हणाली, "काकू, धुयीत लोयन्यापरीस सतरंजीवर लोयलेलं बरं." हसण्याच्या नादात काकू निजल्या, आणि उठताना तीनदा कोलमडल्या. वर्षभरानं याच काकू देवघरात स्टुलावरून पडल्या. घरी कुणी नव्हतं. थोड्या वेळानं त्या खरचटलेलं कोपर घेऊन समोरच्या दारातून बाईच्या घरात शिरल्या आणि नातू पहिला आल्याचं सांगावं तशा ओरडल्या, "बाई, मी पडले! आणि उठलेसुद्धा!" बाईनं हळद लावली आणि दोघींनी चहा घेतला. ही हकिकत मला फोनवर सांगताना तिचा आवाज इतका खुलला होता की वाटलं, पुन्हा बाजारात पुढे पुढे चाललीय.

पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, झालं, पाहुणे पांगले. घराचं काय करायचं, हे मी नितीनला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं किल्ली जोशीकाकूंच्या हातात दिली. "काकू, संध्याकाळी उघडत जा," एवढंच म्हणाला आणि भरकन रिक्षात जाऊन बसला.

मी आणखी दोन दिवस राहिले. संध्याकाळी काकूंनी दार उघडलं, बायका आल्या, सतरंजी अंथरली गेली. मग काकू माझ्याकडे वळल्या. "सुमनताई, तुम्ही येता तेव्हा नुसत्या खुर्चीत बसून बघता. आज या की." मी पदर खोचला आणि खाली निजले. पाठीला सतरंजीखालची फरशी गार लागली. वर छताच्या एका कोपऱ्यात जाळं धरलं होतं. बाईनं इतक्या संध्याकाळी इथून ते पाहिलंच असणार, आणि तिच्यानं वर चढून ते काढवलं नसणार. डोळे भरून पाणी कानांकडे ओघळलं. काकू बाजूला बसून हळूच म्हणाल्या, "घाई नाही. आधी श्वास घ्या."

मी श्वास घेतला, आणि कुशीवर वळले.